तिसऱ्या उन्हाळ्यात किती झाडे उभी आहेत?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

वृक्षारोपणाच्या बातम्या आपल्या अंकात नेमाने येतात. कुणी ५०० रोपे लावली, कुणी २,०००. छायाचित्रात रोप असते, झारी असते, भोवती माणसे असतात. त्याच जागेची तीन वर्षांनंतरची बातमी मात्र वाचायला मिळत नाही. बागा, मोकळ्या जागा आणि रस्त्याकडेची झाडे सांभाळणाऱ्या स्थानिक गटांबरोबर काम करणारे आम्ही लोक आहोत. आमची आपल्याला एकच विनंती आहे: लावलेल्या रोपांच्या आकड्याऐवजी तिसऱ्या उन्हाळ्यात जिवंत असलेल्या झाडांचा आकडा छापा. तो आकडा द्यायचा म्हटले की गटांना रोपे बेताने लावावी लागतील, पाण्याची सोय आधी करावी लागेल, खड्डा नीट घ्यावा लागेल आणि आधीपासून उभी असलेली मोठी झाडे जपावी लागतील. यातले काय कसे करायचे आणि कुठे बिघडते, ते खाली लिहिले आहे. पत्र लांबले आहे, पण तपशील गाळून हे सांगता येण्यासारखे नाही.

आधी पाण्याचा हिशेब. अंगठ्याएवढ्या जाडीच्या रोपाला कोरड्या दिवसांत एका खेपेला सुमारे १५ लिटर पाणी लागते. १०० रोपे म्हणजे १,५०० लिटर. दोन हातांत १० लिटरच्या दोन बादल्या धरल्या तर ७५ फेऱ्या. नळ जवळ असला आणि एका फेरीला ४ मिनिटे लागली, तरी ५ तास होतात. म्हणजे पाच माणसांनी आठवड्यातून एकदा पुरा एक तास द्यायचा, तोही सारे कोरडे महिने आणि पहिली दोन वर्षे न चुकता. एका माणसामागे २० रोपे, हे प्रमाण धरून चालावे. ज्या गटात नेमाने येणारी माणसे दहा आहेत, त्या गटाने २०० च्या वर रोपे लावू नयेत. पहिल्या दिवशी येणारे शंभर लोक या हिशेबात धरायचे नसतात.

पाणी घालण्यातही एक गोष्ट हमखास चुकते. पहिले काही आठवडे रोपाची सगळी मुळे पिशवीतून आलेल्या मातीच्या हुंडीतच असतात. आजूबाजूची माती ओली असली तरी हुंडी आतून कोरडी पडू शकते, कारण रोपवाटिकेतली हलकी माती आणि खड्ड्यातली भारी माती यांच्यामधून पाणी सहज सरकत नाही. रोप ओल्या जमिनीत उभे राहून तहानेने मरते ते असे. म्हणून सुरुवातीला पाणी बुंध्याजवळ, हुंडीवरच पडले पाहिजे. दोन-तीन महिन्यांनी आळे बाहेर सरकवायचे, म्हणजे मुळे पाण्यामागे बाहेर जातात. आळ्याचा व्यास ६० ते ९० सेंटिमीटर, काठ ८ ते १० सेंटिमीटर उंच. पावसाची झड लागली की काठाला एका बाजूने वाट करून द्यायची, नाहीतर पाणी साचून मूळकूज होते. टँकरच्या पाइपची जोरदार धार थेट आळ्यात सोडू नये. दोन मिनिटांत माती वाहून जाते आणि मुळे उघडी पडतात. धार एखाद्या चपट्या दगडावर किंवा पालापाचोळ्याच्या थरावर घ्यावी.

रोज थोडे पाणी देण्यापेक्षा मुळापर्यंत जाईल एवढे पाणी देऊन मग माती वापशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशा बेताच्या ओलीवर, येऊ द्यावी. वापसा ओळखायला यंत्र लागत नाही. १५ सेंटिमीटर खोलीवरची चिमूटभर माती बोटात दाबावी. चिखल होऊन बोटाला चिकटली तर थांबा, गोळी होऊन टिचकीसरशी फुटली तर वापसा आहे, गोळीच झाली नाही तर पाणी द्यायला उशीर झाला आहे. रोज शिंपडलेले पाणी वरच्या दोन बोटे मातीतच राहते, मुळेही तिथेच घुटमळतात आणि एक आठवडा खंड पडला की रोप मान टाकते.

जिथे आठवड्याला माणूस पोचणे अवघड आहे, तिथे मातीचे सच्छिद्र मडके पुरण्याची जुनी रीत आजही चांगली चालते. ५ ते ७ लिटरचे, रंग किंवा चकाकी न दिलेले मडके बुंध्यापासून २० ते ३० सेंटिमीटरवर गळ्यापर्यंत पुरायचे, पाण्याने भरायचे आणि झाकण घालायचे. झाकण नसले तर डास होतात. भोवतीची माती जसजशी सुकते तसतसे मडके पाझरते. बहुतेक मातीत तीन ते पाच दिवसांनी भरावे लागते. पाणी क्षारयुक्त असेल तर वर्ष-दीड वर्षात छिद्रे बुजतात आणि मडके भरलेले असूनही रोप सुकते. म्हणून मडक्यातले पाणी किती उतरले, हे प्रत्येक वेळी बघायचे.

आता खड्डा. खड्डा किती खोल, हा प्रश्न सगळे विचारतात. किती रुंद, हे फारसे कुणी विचारत नाही. नवी मुळे खाली कमी आणि आडवी जास्त धावतात. म्हणून खड्डा हुंडीच्या दुप्पट ते तिप्पट रुंद असावा. खोली हुंडीच्या उंचीएवढी पुरते. कठीण मुरमात खोल खणावेच लागले, तर तळाची भर आधी पायाने दाबून, पाणी सोडून बसवून घ्यावी आणि मग रोप ठेवावे. हे न केल्यास मोकळी माती महिन्याभरात खचते, रोप तिच्याबरोबर खाली जाते आणि खोडाचा मुळांशी मिळणारा फुगीर भाग मातीत गाडला जातो. तो भाग कायम जमिनीच्या वर दिसला पाहिजे. खोडाची साल सतत ओल्या मातीत राहायला बनलेली नाही, ती कुजते. गाडलेले रोप लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षे खुरटत राहते आणि मग एखाद्या वाऱ्यात बुंध्याशी मोडते.

भारी, चिकट मातीत आणखी एक धोका असतो. ओल्या मातीत फावडे किंवा यंत्र चालवले की खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. मुळांना त्यातून वाट मिळत नाही आणि पाण्यालाही मिळत नाही. खड्ड्याचे चक्क टाके होते. भिंतींवर कुदळीने ओरखडे काढावेत, जमल्यास खड्डा गोल न ठेवता कोपरे असलेला घ्यावा. लागवडीआधी निचरा तपासायला एक सोपी चाचणी आहे. ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरून जिरू द्यावा, लगेच पुन्हा भरावा आणि तासाभरात पाणी किती उतरते ते पट्टीने मोजावे. २ ते ५ सेंटिमीटर उतरले तर उत्तम. १ सेंटिमीटरही उतरले नाही तर तिथे खड्डा न खणता, मातीचा ३० ते ४० सेंटिमीटर उंच पसरट उंचवटा करून त्यावर रोप लावावे, किंवा जागाच बदलावी. खड्ड्याच्या तळाशी खडी टाकून निचरा सुधारतो ही समजूत चुकीची आहे. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहजी उतरत नाही, ते वरच अडून राहते आणि मुळांची जागाही कमी होते.

रोप निवडताना उंचीला भुलू नये. पिशवी लहान आणि रोप दोन मीटर उंच असेल, तर ते त्या पिशवीत फार काळ राहिलेले आहे. खोड धरून अलगद उचलावे. हुंडी सबंध वर आली तर ठीक, खोड मातीत डुगडुगले तर ते रोप घेऊ नये. पिशवी फाडल्यावर तळाशी मुळांची गुंडाळी दिसते. ही गुंडाळी तशीच लावली तर मुळे पुढची दहा वर्षे त्याच गोलात जाड होत जातात आणि शेवटी खोडालाच फास बसतो. धारदार सुरीने तळाची सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर गुंडाळी कापून टाकावी, हुंडीच्या बाजूंना तीन-चार ठिकाणी वरून खाली उभ्या चिरा द्याव्यात. मुळे कापायला लोक धजत नाहीत, पण या कापलेल्या टोकांतूनच नवी मुळे सरळ बाहेर निघतात. पिशवी तर काढायचीच, “तळ फाडलाय, पुरे” असे म्हणून चालत नाही.

मातीत काय मिसळावे यावर फार चर्चा होते. आमचे मत असे की खड्ड्यातून निघालेलीच माती परत भरावी, फार तर चौथा हिस्सा नीट कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळावे. खड्डा नुसत्या खतामातीने भरला तर मुळे त्या सुखाच्या जागेतून बाहेर पडत नाहीत. अर्धवट कुजलेले खत तर घालूच नये. ते खड्ड्यात कुजताना तापते, मातीतला प्राणवायू खाते आणि कोवळी मुळे भाजतात.

आधाराची काठी वारा असेल तिथेच लावावी. एकच काठी हुंडीत खुपसू नये, दोन काठ्या हुंडीच्या बाहेर समोरासमोर रोवाव्यात. कापडी पट्टीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल वेढा द्यावा, उंची खोडाच्या मध्याच्या जरा खाली. खोड वाऱ्यात थोडे हलले पाहिजे. हलल्यानेच ते खाली जाड होते आणि मुळे पकड घेतात. वर्षभराने काठी आणि पट्टी दोन्ही काढून टाकायची. सुतळी, तार, केबलची वायर यांनी बांधलेली रोपे दुसऱ्या वर्षी पाहिली, तर बांधलेल्या जागी साल आत चिरलेली आढळते.

लोखंडी संरक्षक जाळीचेही तसेच. गुरांपासून वाचवायला दीड मीटर उंच, खोडापासून सर्व बाजूंनी किमान ३० सेंटिमीटर लांब अशी जाळी गरजेची असते. पण ती कधी काढायची याची तारीख लावतानाच लिहून ठेवायला हवी. फांद्या गुरांच्या तोंडाच्या वर गेल्या की जाळीचे काम संपले. त्यानंतर ती राहिली तर खोड तिच्या सळया गिळायला लागते.

गवत कापायच्या यंत्राने मरणारी रोपे आम्हाला वाटते मोजलीच जात नाहीत. यंत्राची नायलॉनची दोरी बुंध्याला दोन-तीनदा घासली की कोवळी साल पूर्ण वेढ्यात सोलून निघते. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जाते. वेढा तुटला की ते थांबते. पाणी लाकडातून वर जातच असते, त्यामुळे पाने काही आठवडे हिरवी दिसतात, मुळे मात्र उपाशी मरत असतात. पुढे रोप वाळते आणि दोष उन्हाला दिला जातो. बुंध्याभोवती अर्धा मीटर गवतच नसले तर यंत्र तिथे नेण्याची गरज उरत नाही.

यासाठी आच्छादन. वाळलेला पाला, गवत, फांद्यांचे तुकडे यांचा ७ ते १० सेंटिमीटर जाड थर आळ्यावर पसरायचा आणि खोडाभोवती १० सेंटिमीटर जागा मोकळी ठेवायची. पाला महिन्याभरात बसून निम्मा होतो, म्हणून पुन्हा भर घालावी लागते. खोडाला टेकवून ढीग केला तर साल भिजत राहते आणि बुरशी धरते. एवढी काळजी घेतली तर आच्छादनाखालची माती उघड्या मातीपेक्षा थंड आणि ओलसर राहते, पाण्याच्या खेपा कमी होतात, गवत उगवत नाही आणि गांडुळे वर येतात. भुसा किंवा लाकडाचा चुरा आच्छादन म्हणून वर पसरायला हरकत नाही. तो मातीत मिसळला की कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळे पडते.

हा पाला बाहेरून आणावा लागत नाही. झाडाखाली पडतो, झाडून गोळा केला जातो आणि कोपऱ्यात जाळला जातो. धूर सर्वांच्या छातीत जातो आणि झाडाचे खत राख होते. जाळण्याऐवजी तारेच्या जाळीचा एक मीटर व्यासाचा, सव्वा मीटर उंचीचा उभा पिंजरा करून त्यात पाला भरावा. याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. नुसता पाला कुजायला वर्ष-दीड वर्ष लागते, कारण त्यात कर्ब खूप आणि नत्र कमी असतो. कुजण्याला कर्ब-नत्राचे प्रमाण साधारण ३० ला १ लागते. दोन-तीन घमेली पाल्यामागे एक घमेले ताजे कापलेले गवत आणि वर पातळसा मातीचा थर, असे थर दिले, पाला आधी भिजवून घेतला आणि दोन-तीन आठवड्यांनी उलथापालथ केली, तर तीन-चार महिन्यांत खत होते. मूठभर घेऊन पिळले की एक-दोन थेंब यावेत, इतकीच ओल असावी. कुबट वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी, तेव्हा उलथावे आणि कोरडा पाला मिसळावा. ढीग तापतच नसेल तर तो कोरडा आहे किंवा हिरवे कमी पडले आहे. आत हात घालवणार नाही इतका, म्हणजे ५५ अंश सेल्सिअसच्या वर, तो काही दिवस तापला तर तणाचे बीही मरते.

नव्या रोपांविषयी इतके लिहिले, तरी आमच्या मते गटांचे पहिले काम आधीपासून उभ्या असलेल्या झाडांवर व्हायला हवे. कारण साध्या भूमितीत आहे. १० मीटर पसाऱ्याच्या, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १० मीटर पसरलेल्या झाडाची सावली साडेअठ्ठ्याहत्तर चौरस मीटर जमीन झाकते. १ मीटर पसारा असलेले रोप पाऊण चौरस मीटरच्या जरा वर. एका मोठ्या झाडाची सावली भरून काढायला अशी १०० रोपे लागतात, तीही सगळी जगली तर. एक झाड तोडून पाच रोपे लावण्याच्या आश्वासनाकडे या मापाने पाहावे. नेदरलँड्समध्ये जन्मलेले नागरी वनतज्ज्ञ सेसिल कोनायनेंडाइक यांनी २०२१ मध्ये मांडलेला ३-३०-३०० हा नियम आम्हाला यासाठीच पटतो: प्रत्येक घरातून किमान ३ झाडे दिसावीत, वस्तीचा ३० टक्के भाग झाडांच्या छत्राखाली असावा आणि चांगली हिरवी जागा ३०० मीटरच्या आत असावी. त्यात लावलेल्या रोपांची संख्या कुठेच येत नाही.

मोठ्या झाडाचा सर्वांत मोठा शत्रू त्याच्या पायाशी असतो. बहुतेक मुळे वरच्या ३० ते ६० सेंटिमीटर मातीत असतात आणि पसाऱ्याच्या कितीतरी बाहेर गेलेली असतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा फरश्या आल्या, भोवती कट्टा बांधून आत माती भरली, किंवा राडारोडा टाकून जमीन वीसएक सेंटिमीटरने उंच केली, की ही हवा तुटते. वाहने उभी राहून माती दाबली गेली तरी तेच होते. झाड लगेच काही दाखवत नाही. साठवलेल्या अन्नावर ते दोन ते पाच वर्षे काढते. मग शेंड्याकडच्या फांद्या वाळू लागतात, पाने लहान येतात, अवेळी गळतात. तोवर कट्टा कधी बांधला हे कुणाच्या लक्षातही नसते आणि झाड “म्हातारे झाले” म्हणून तोडले जाते.

उपाय करता येतो. बुंध्याच्या सर्व बाजूंनी किमान एक मीटर, झाड मोठे असेल तर जास्त, जागा मोकळी करावी. हे काम बुंध्याजवळ यंत्राने करू नये, छिन्नी-हातोड्याने तुकडे पाडून हाताने उचलावेत, कारण काँक्रीटच्या लगेच खाली मुळे असतात. खालची माती खणू नये, नांगरल्यासारखी मोकळीही करू नये. तिच्यावर ५ सेंटिमीटर कंपोस्ट, त्यावर ७-८ सेंटिमीटर पाला टाकून पाणी द्यावे आणि बाकीचे काम गांडुळांवर सोडावे. मोकळ्या जागेवर पुन्हा कुणी चालू नये म्हणून कडेला लाकडी ओंडके किंवा बुटके कठडे ठेवावेत, पण त्यांचा पाया खणू नये.

पाइप आणि केबलच्या चरांबाबत गटांनी एक माप पाठ ठेवावे. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर दोरीने मोजायचा, ३.१४ ने भागून व्यास काढायचा आणि त्याला १२ ने गुणायचे. घेर १२५ सेंटिमीटर असेल तर व्यास सुमारे ४० आणि संरक्षित त्रिज्या ४ मीटर ८० सेंटिमीटर. या वर्तुळात चर येऊ नये. दुसरी वाटच नसेल तर मुळांखालून बोगदा पाडून पाइप न्यावा. खोडापासून अर्ध्या-एक मीटरवर एका बाजूने सरळ चर गेला तर त्या बाजूची आधारमुळेच तुटतात आणि पुढच्या वादळात झाड विरुद्ध बाजूला पडते. मूळ कापावेच लागले तर खोदयंत्राने ओढून फाडू नये, करवतीने स्वच्छ कापावे, चर उघडा असेपर्यंत ओल्या गोणपाटाने झाकावे आणि शक्यतो त्याच दिवशी माती लोटावी.

फांद्या छाटण्याची रीतही सुधारायला हवी. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवून दिले की झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालते आणि वरून नवे लाकूड चढवते. हे विवेचन १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक सुरकुतलेली, फुगीर कड असते. भिंत घालण्याचे काम तिथे होते. म्हणून कड कापायची नाही आणि कडेबाहेर लांब खुंटही ठेवायचा नाही. जड फांदीला तीन काप द्यावेत. पहिला खोडापासून ३० सेंटिमीटरवर, खालून वर, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून खाली, म्हणजे फांदी तुटून पडते आणि साल खोडापर्यंत सोलत जात नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने कडेच्या लगेच बाहेर काढायचा. वर डांबर किंवा रंग फासू नये, त्याने कूज थांबत नाही, उलट खाली ओल धरून राहते. झाडाचा शेंडा सपाट छाटणे तर बंदच व्हायला हवे. तिथून फुटणाऱ्या दाट फांद्या वरवर चिकटलेल्या असतात आणि काही वर्षांनी त्याच तुटून पडतात.

खिळे, फलक आणि दिव्यांच्या माळा काढण्याच्या मोहिमा चांगल्या आहेत. फक्त सालीने पूर्ण गिळलेला खिळा उपसू नये, त्याने नवी जखम होते. रुतलेली तारही ओढू नये. बाहेर दिसेल तिथे दोन्ही बाजूंनी कापून वेढा तोडला की पुरे.

जागेच्या निवडीबद्दलही लिहायला हवे. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या नावाने दाट रोपवने लावण्याची लाट आहे. त्यांच्या पद्धतीत चौरस मीटरला तीनच्या आसपास रोपे असतात हे खरे, पण तिचा गाभा त्या जागी निसर्गतः कोणते जंगल वाढले असते याचा अभ्यास, खोलवर सुधारलेली माती, स्थानिक जातींचे मिश्रण आणि पहिली दोन-तीन वर्षे तण काढणे व पाणी, हा आहे. तेवढे सगळे सोडून नुसती दाटी उचलली तर उंच, काटकुळ्या काठ्या उभ्या राहतात. आणि गवताळ माळ, पाणथळ जागा, कातळसडा या ओसाड जागा नव्हेत. गवताळ माळाचा बहुतेक कर्ब जमिनीखाली मुळांत आणि मातीत असतो, तिथले पक्षी आणि कीटक उघड्या माळावरच राहू शकतात. अशा जागी खड्डे पाडण्यापूर्वी वर्षभर तिथे काय उगवते आणि काय येते ते बघावे. कित्येकदा तिथे करायचे काम एवढेच असते की कचरा आणि वाहने येऊ द्यायची नाहीत.

जातींच्या बाबतीत अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञ फ्रँक सँटामूर यांनी १९९० मध्ये सुचवलेले प्रमाण सोपे आहे: एका जातीची झाडे १० टक्क्यांहून, एका प्रजातीची, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची, २० टक्क्यांहून आणि एका कुळातली ३० टक्क्यांहून जास्त नकोत. युरोप-अमेरिकेतले एल्म वृक्षांनी भरलेले रस्ते विसाव्या शतकात एकाच बुरशीच्या रोगाने उजाड झाले. सारख्या झाडांची रांग दिसते देखणी, पण रोग आला की सबंध रांग जाते.

शेवटी मोजणी. प्रत्येक रोपाला क्रमांक, आणि वहीत जात, लावल्याची तारीख, उंची, जमिनीलगत खोडाची जाडी एवढ्या नोंदी. बिल्ला खोडाला न ठोकता काठीला किंवा जाळीला बांधावा. मोजणी कोरड्या दिवसांच्या अखेरीस, पाऊस पडण्यापूर्वी करायची. पावसानंतर सगळेच हिरवे असते आणि गवतही रोप म्हणून मोजले जाते. पाने नसलेले रोप मेले असे धरू नये. नखाने साल किंचित खरवडावी, आत हिरवे असेल तर जीव आहे. मेलेल्या रोपासमोर कारण लिहायचे: माती कोरडी होती, माती ओली असून मुळे काळी पडली होती, साल वेढ्यात सोलली होती, गुरांनी खाल्ले, कुणी उपटले. रोप उपटून मुळे पाहिल्याशिवाय कारण लिहू नये. नांग्या भरण्याआधी, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्याआधी, ही यादी वाचली तर कळते की दहा रोपे एकाच कोपऱ्यात मुळे कुजून गेली आहेत, आणि तिथे अकरावे लावण्याऐवजी पाण्याला वाट काढायची आहे.

आपल्या वार्ताहरांनी वृक्षारोपणाची बातमी देताना आयोजकांना तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे बातमीत छापावीत: पाणी कुठून येणार, आठवड्याला ते घालणारी माणसे किती, आणि याच गटाने तीन वर्षांपूर्वी लावलेल्या रोपांपैकी आज किती जिवंत आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष जागेवर जाऊन, वही हातात घेऊन तपासता येते. आपल्या अंकात वर्षातून एकदा, कोरड्या दिवसांच्या अखेरीस, अशा नोंदींना अर्धे पान मिळाले तर गट वह्या ठेवतील. वहीचा नमुना आणि मोजणीची रीत शिकवायला आम्ही कोणत्याही गटाकडे यायला तयार आहोत.

कळावे,

आपले,
झाडांची देखभाल करणारे काही वाचक